सातबारावर नसलेलं

कोकणातला जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, सातबारावर पोटखराब्यात जातो, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या नकाशात ‘खडकाळ पडीक’ रंगात. दोन्हींचा अर्थ एकच : इथे काही नाही. झाडं नाहीत म्हणून जमीन उजाड ठरत नाही, हे अभ्यासक अलीकडे आकडे-नकाशांनिशी मांडू लागलेत. ते सरकारी कागदावर उतरेपर्यंत जे जातंय त्याची ही नोंद.

सुटे दगड. हाताने उचलता येतील एवढे. पावसाळ्यात एखादा उलटा करावा, फुरशाचं भान ठेवून. खाली ओल, विंचू, एखादं बेडूक, आणि नशीब असेल तर देवगांडूळ : बिनपायाचं, दिसायला गांडूळ, पण गणगोत बेडकाचं. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायचा ठरला की आधी हेच दगड उचलले जातात. झाड तोडलं तर चार माणसं हळहळतात. दगडाचं कुणाला काय!

दीपकाडी. पहिल्या पावसांत कातळाच्या खाचेत पांढरी फुलते आणि कोकणाच्या आसपासच काय ती सापडते. तिच्यामागून गेंद आणि सीतेची आसवं. ही आसवं दिसायला नाजूक असली तरी बारीक जीव पकडून खातात, कारण त्या वीतभरही नसलेल्या मातीत पोटापुरतं नत्र नसतं. घाटावरच्या कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आता तिथे फुलं बघायला पैसे मोजावे लागतात. खाली कोकणातल्या सड्यांवर फुकट आहे, म्हणूनच बहुधा किंमत नाही.

कातळशिल्पं. कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती केवढा अवाढव्य, आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. काही सड्यांवर गेंडेही आहेत. आज कोकणात गेंडा कुठला! कोरणाऱ्यांनी आपल्या काळाची यादी करून ठेवली म्हणायची. २०२२ पासून यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बाकीच्यांवरून गाड्या जातात.

खुद्द कातळ. जांभ्याचा चिरा खाणीत असतो तेव्हा मऊ, वारा लागला की कडक होतो. म्हणून तर कोकणभर घरं त्याची. पूर्वी हातांनी काढत, आता यंत्राचं पातं फिरतं. बागेसाठी सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरची माती भरायची, हापूसचं कलम लावायचं. जांभा तयार व्हायला लाखो वर्षं लागली, खड्ड्याला एक दुपार पुरते. (हापूस मीही खातो.)

झरे. जांभा सच्छिद्र. पाऊस त्यातून झिरपत खालच्या चिकण मातीपर्यंत जातो, तिथे अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी बाहेर येतो. वाडीची विहीर त्याच्यावर. वरचा कातळ खरवडला की हा हिशोब बिघडतो. मात्र झरा आटल्यावर त्याची सरकारी नोंद होते : टंचाई आराखड्यात, टँकरच्या फेऱ्यांच्या रकान्यात.