आता कशाला गोळ्या?

'घरी पोहोचलात ना? मग आता कशाला गोळ्या?' आमचे फॅमिली डॉक्टर एवढंच म्हणाले, तेही प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, मान वर न करता. बायकोच्या बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला गेलो होतो. युगांडाहून नुकताच परतलो होतो म्हणून माझ्या मलेरियाच्या गोळ्यांचा विषय काढला. चार आठवडे घ्यायला सांगितलंय, असं मी म्हणालो. त्यावर ते हसले. 'इतके दिवस अँटिबायोटिक? पोटाची वाट लागेल.' पोटात जळजळ होतच होती. मी गोळ्या थांबवल्या.

युगांडातला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा, जिवावर उठणारा, आणि क्लोरोक्विनला तिथे तो दाद देत नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण काहींना तिने भलतीसलती स्वप्नं पडतात, डोकं ठिकाणावर राहत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल मला कुठल्याच दुकानात मिळेना. राहिली डॉक्सिसायक्लिन. रोज एक, भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

खरं तर पक्षी बघणाऱ्यांइतकं डासांच्या सोयीचं गिऱ्हाईक दुसरं नसेल. अ‍ॅनाफिलीस चावतो तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, आणि आम्ही बाहेर पडतो नेमके त्याच वेळी. मर्चिसन फॉल्सला स्टँडर्ड-विंग्ड नाइटजार बघायला अंधार पडेपर्यंत थांबलो होतो. पंखांतून निघालेली ती दोन लांब पिसं अशी हलत होती, की त्याच्या मागून दोन छोटी पाखरंच उडताहेत असं वाटावं. त्या वेळी घोट्यांकडे कोण बघतो? एन्टेबेजवळच्या माबांबा दलदलीत शूबिल दिसला तेव्हाही तेच. तो पुतळ्यासारखा उभा, आम्ही होडीत उन्हात. डॉक्सिसायक्लिनमुळे ऊन जास्त बाधतं, म्हणून आधी सनस्क्रीन, त्यावर डास पळवणारं डीट. त्या डीटच्या हातांनी दुर्बीण धरली आणि तिचं रबर चिकट झालं. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर अजून आहे.

ताप आला तो पुण्यात, ऐन पावसाळ्यात. हुडहुडी, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. ज्या रुग्णालयात नेलं तिथे प्लेटलेट कमी दिसल्या आणि निदान ठरून गेलं: डेंग्यू. मी युगांडा म्हणालो, बायको युगांडा म्हणाली. तरुण डॉक्टरने ते लिहूनही घेतलं. एकदा रक्ताची काच तपासली, निगेटिव्ह आली, विषय संपला. एका निगेटिव्ह काचेने मलेरिया नाही असं ठरत नाही, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घ्यावं लागतं, हे माझ्या बायकोने कुठेतरी वाचलं होतं. तिने मागणी केली. 'बाई, पुण्यात सध्या सगळीकडे डेंग्यूच आहे' हे उत्तर तिला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलं. ती नर्सच्या टेबलाशी उभीच राहिली, तेव्हा कुठे पुन्हा रक्त घेतलं. फॅल्सिपेरम. मग एकदम धावपळ, आर्टिसुनेटची इंजेक्शनं, सगळे अतिशय नम्र. आदल्या रात्री हीच माणसं कुठे होती?

बरा झाल्यावर चार आठवड्यांचं कोडं उलगडलं. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन त्याला रक्तात गाठते, यकृतातल्याला फारसा हात लावत नाही. म्हणून तो बाहेर येईपर्यंत पहारा चालू ठेवायचा. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, म्हणून ती परतल्यावर सातच दिवस. हे सांगायला एक मिनिट लागतं.

आमच्या गटातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने एकही गोळी घेतली नव्हती. 'आपण डासांतच वाढलोय' हे त्याचं शास्त्र. भारतातल्या डासांत वाढून असलं कवच मिळत नाही, पण त्याला साधी शिंकही आली नाही. मला भेटायला आला तेव्हा सफरचंदं आणली आणि गोळ्यांवर व्याख्यान दिलं. काय बोलणार?

तिकडून आलात आणि पुढच्या तीन महिन्यांत, अगदी वर्षभरातही, ताप आला तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात देशाचं नाव सांगा, आणि काच निगेटिव्ह आली तरी हटू नका. मच्छरदाणी, लांब बाह्या, डीट हे आहेच.

आता राग कुणावर धरायचा? मुंबई विमानतळावर माझं पीतज्वराच्या लसीचं कार्ड कसोशीने तपासलं. ते देशाच्या काळजीपोटी, कारण पीतज्वर भारतात नाही आणि तो मी आणू नये. मलेरिया आपल्याकडे आहेच, त्यामुळे त्याबद्दल चकार शब्द नाही. ती काळजी ज्याची त्याने करायची. फॅमिली डॉक्टरांकडे मी अजूनही जातो. माणूस चांगला आहे, रात्री फोन उचलतो. त्या वाक्याबद्दल मी त्यांना विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. पण पुढच्या खेपेला गोळ्यांविषयी त्यांना काही विचारायचं नाही, हे बायकोने मला बजावलंय.