वांद्याचे वांदे

बीडच्या आमरीवर, म्हणजे ऑर्किडवर, लिहा असं संपादकांनी सुचवलं. 'दुष्काळी जिल्ह्यात कसलं ऑर्किड?' असं वाचकांना वाटणारच. पण तिथल्या बालाघाट डोंगरातल्या कोरड्या रानात जुन्या आंब्यावर, मोहावर 'वांदा टेसेलाटा' ही आमरी असते. लोक तिला बांडगूळ समजून तोडतात. दोष एकट्या लोकांचा नाही. संस्कृतात 'वंदा' म्हणजे बांडगूळच, आणि शास्त्रज्ञांनीही तेच नाव उचललं. बांडगूळ सालीत शिरून रस ओढतं, ही फांदीला नुसती धरून राहते. तिची मुळं कोरडी असताना चुन्यासारखी पांढरी दिसतात. पाणी पडलं की स्पंजासारखा बाहेरचा थर भिजून पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. ते हिरवं मूळ स्वतः अन्न तयार करतं, उसनवारी नाही. नावाचा दुसरा वांदा औषधाचा. महारास्नादि काढा घरोघरी माहीत आहे, पण त्यातली रास्ना कोणती? बंगालात याच आमरीची मुळं, केरळात कुळिंजन, तर आयुर्वेदिक फार्माकोपियात प्लुचिया लॅन्सिओलाटा या झुडपाची पानं. म्हणजे नाव एक, वनस्पती तीन.

रानात याच्या उलट चूक होते. एका झाडावरची फुलं पिवळसर हिरवी, दुसऱ्यावरची तपकिरी चौकटींची, ओठ कुठे निळसर तर कुठे जांभळा. लगेच 'ही जात वेगळी' असा निकाल! एकाच जातीत इतका फरक असू शकतो. पानाची लांबी तर ऊन, पाणी आणि फांदीची जागा यांवरही बदलते. त्यामुळे दोन ठिकाणची रोपं एकाच सावलीत, सारख्या पाण्यावर काही वर्षं वाढवून पाहावी लागतात. तरीही फरक टिकला तर तो बहुधा वंशातला. मग डीएनए तपासायचा. पण सारखी दिसणारी रोपंही आतून वेगळी असू शकतात. डोळा इथे अपुरा साक्षीदार आहे, आमचाही.

गावागावांतली आमरी आतून वेगळी असू शकते, यावर आक्षेप असा, की आमरीचं बी धुळीइतकं बारीक. वारा ते सगळीकडे नेतो, मग गावागावांत वेगळेपण उरेल कसं? पण उडणं वेगळं, रुजणं वेगळं. या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतोच. योग्य बुरशी भेटली तरच अंकुर. शेताच्या बांधावरच्या एकट्या आंब्यावरची सगळी आमरी एक-दोन बियांची लेकरं असू शकते. म्हणूनच 'ऊतिसंवर्धनाने लाखभर रोपं करून लावा' हा उपाय मला अर्धाच वाटतो. एकाच बोंडातून केलेली लाख रोपं भावंडंच. संख्या वाढते, वैविध्य तेवढंच राहतं. शिवाय शहरातल्या रोपवाटिकेतली संकरित वांदा रानात लावली, तर मूळ वाण भेसळण्याचा धोका निराळाच.

रस्ता रुंद करताना जुना आंबा पाडला, तर त्यावरची आमरी जळणात टाकू नका, कुंडीत किंवा दुसऱ्या तालुक्यातही नेऊ नका. त्याच शिवारातल्या जुन्या झाडाला सुतळीने बांधा, आणि फुलाचा रंग कुठेतरी लिहून ठेवा.