समांतर रेषा : वहीत येण्याआधी शिवारात



प्राथमिकच्या मुलांना समांतर रेषा म्हणजे काय विचारा. लगेच सुरात उत्तर येतं, “एकमेकींना कधीच न भेटणाऱ्या रेषा!” पाठ झालंय, आपणही खूश. मग फळ्यावर वीतभर लांबीच्या दोन रेषा काढा, एक सरळ आणि एक जराशी कललेली, पण एकमेकींना न टेकणाऱ्या. विचारा, “या समांतर का?” बहुतेक हात वर होतील. कारण त्या भेटल्या नाहीत ना! व्याख्या बरोबर, समज चुकीची.

यात मुलांचा दोष नाही. इ. स. पूर्व 300 च्या सुमारास युक्लिडने समांतर रेषा सांगितल्या त्या अशाच : एकाच प्रतलातल्या, दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी न मिळणाऱ्या. पण ‘कितीही वाढवल्या तरी’ हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाने कुठे बघायचं? वहीचं पान तर संपतं. म्हणून लहान वर्गात मी ‘भेटत नाहीत’ इथून सुरुवात करत नाही, ‘अंतर सगळीकडे सारखं’ इथून करते. अंतर पट्टीने मोजता येतं.

दुसरी अडचण उदाहरणाची. कुठेही बघा, समांतर रेषा म्हटलं की रेल्वेचे रूळ. आमच्या चारठाण्याला रेल्वे नाही. मुलं रूळ बघतात ते चित्रात, आणि चित्रात ते लांब जाऊन चक्क एकत्र येतात! एका मुलाने मला विचारलंच, “मॅडम, हे तर भेटतेत की!” डोळ्याला दिसलं तेच त्याने सांगितलं होतं. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर असतं आणि सरळ मार्गावर ते सगळीकडे तेवढंच ठेवावं लागतं, नाहीतर गाडी रुळावर राहणार नाही. हे सांगून मुलांना पटत नाही, करून पटतं. चार कृती देते, करून बघा.

कृती 1 : मैदानावरचे रूळ. मैदानावर फक्कीने एक मीटर अंतरावर दोन लांब रेषा आखा. मुलांना एका टोकाला खाली बसून बघू द्या. पलीकडे रेषा जवळ आल्यासारख्या दिसतात. आता एक मीटरची काठी दोघांनी आडवी धरून, रेषांशी काटकोन ठेवून, शेवटपर्यंत चालत जायचं. काठी सगळीकडे नेमकी बसते. डोळा काय सांगतो आणि माप काय सांगतं, यातला फरक मुलांना स्वतःला सापडतो.

कृती 2 : पेन्सिलींची तिफण. पुठ्ठ्याच्या पट्टीला सारख्या अंतरावर तीन पेन्सिली रबराने घट्ट बांधा. झाली तिफण! मोठ्या कागदावर सरळ ओढली की तीन समांतर रेषा. मग पट्टी तिरकी धरून, तशीच तिरकी ठेवून ओढायला सांगा. रेषा जवळजवळ येतात, पण समांतरच राहतात. मधेच पट्टी फिरवली तर मात्र बिघडतं. का बिघडलं, हे मुलांनाच सांगू द्या.

कृती 3 : पट्टीच्या दोन कडा. पट्टी हलू न देता दोन्ही कडांनी रेषा ओढायच्या. कागद आडवा, उभा, तिरपा कसाही ठेवा. एक रेषा लांब आणि एक आखूडही काढायला लावा. कारण समांतर म्हणजे आडव्या आणि सारख्याच लांबीच्या, असा मुलांचा पक्का समज असतो. तो इथेच मोडतो.

कृती 4 : गुण्या सरकवणे. चौथी-पाचवीसाठी. पट्टी एका हाताने घट्ट दाबून धरायची, तिला गुण्या टेकवायचा, रेषा ओढायची, गुण्या सरकवायचा, पुन्हा रेषा. पुढे आठवीत ‘समांतर रेषा व छेदिका’ येतं, तेव्हा संगत कोनांची कसोटी हीच असते. पट्टी ही छेदिका. आज नाव सांगायची गरज नाही, हाताला सवय होऊ द्या.

तिफणीच्या तासाला एक मुलगी आठवते. घरचे ऊसतोडीला जायचे, त्यामुळे दिवाळीनंतर तिची शाळा सुटायची. परत आली की वर्ग पुढे गेलेला, आणि ती मागच्या बाकावर गप्प. त्या दिवशी मी विचारलं, “ओळी सारख्या अंतरावर कशाला पाहिजेत? वाकड्या पेरल्या तर काय होतं?” तीच बोलली, “कोळपं कसं जाईल मॅडम? पिकातच घुसतं की!” सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण 45 सेंटीमीटर ठेवतात. ओळी जवळ आल्या की कोळप्याची पास तणाबरोबर पीकही कापते. समांतर असण्याची गरज आमच्यापैकी कुणीही इतकी नेमकी सांगितली नव्हती. त्यानंतर वर्गात तिला कुणी ‘हिला काही येत नाही’ म्हणालं नाही.

आपल्या गावाचाही उपयोग करा. चारठाण्यात यादवकाळातली मंदिरं आहेत, गोकुळेश्वराजवळची बारव आहे. मुलांना पायऱ्यांच्या कडा आणि भिंतीचे थर बघून चित्र काढायला लावा. अशा बांधणीत दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेले असतात. दगडाची वरची आणि खालची बाजू समांतर नसती तर वरचा थर कलला असता. चित्र काढताना मुलं हे आपोआप विचारतात. बारवेजवळ जाताना मात्र सोबत मोठी माणसं हवीतच, आणि काठावर गर्दी नको.

पालकहो, तुमच्यासाठी एवढंच : पेरणीच्या वेळी मुलाला बांधावर उभं करा आणि दोन ओळींतलं अंतर तीन जागी मोजायला सांगा. टेप नसेल तर वीत चालेल. तीनही मापं सारखी आली का, ते त्यालाच सांगू द्या. व्याख्या आम्ही नंतर शाळेत लिहून घेऊ.