जतच्या माळावर

ओम्नीची मागची आसने काढून गादी, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन ठेवला नि मच्छेहून एकटाच निघालो. अथणी मागे पडली तशी हिरवळ सरली. पुढे बाभळी आणि उघडा माळ. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत इथवर फारसे पाणी उरत नाही. १९५६ साली अथणी म्हैसूर राज्यात गेली, जत मुंबई राज्यात राहिले; पाऊस दोन्हीकडे तुटपुंजाच. जतच्या पूर्वेला एका गावी देवळापाशी मुक्काम केला. तिथल्या अज्जींनी भाकरी अन् शेंगाचटणी दिली. कन्नडमधून म्हणाल्या, "सरकारी कागद सगळे मराठीत. नातवाकडून वाचून घेते." कन्नड कागद हाती आला की आमची आईही हेच म्हणे! आपले गाऱ्हाणे खरेच आहे. ते मांडताना या अज्जींचेही मांडावे, एवढेच वाटते.