हजेरीत नाव नाही

बांधकामावर एक शब्द रोज वापरला जातो. बिगारी. ठेकेदार म्हणतो, मिस्त्री म्हणतो, आपणही म्हणतो. "आज चार बिगारी पायजे." हा शब्द आला कुठून? बिगार म्हणजे वेठ. दाम न देता राबवून घेणं. भारतीय संविधानाच्या कलम 23 नं वेठबिगारी बंद केली, तो गुन्हा ठरवला. वेठ कागदावर गेली. पण घमेलं उचलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तिचं नाव तसंच राहिलं. बाईला तर तेही नाही. ती रेजा.

मी उमरेडचा मिस्त्री. माझी माय रेजा होती, बाप बिगारी. दोघं सकाळी डबा घेऊन ठिय्यावर उभे राहायचे. आजही ठिय्यावर सकाळी सात वाजता जा आणि आडनावं विचारा. कोण भेटतं तिथं? आपले लोक. सोबत गोवारी, बेलदार, गोंड, छत्तीसगडहून आलेले मजूर. ज्यांच्या घरी शेत आहे, ज्यांच्या पोराला खाणीत नोकरी लागली, तो ठिय्यावर दिसत नाही. ठिय्यावर उभा असतो तो, ज्याच्याजवळ विकायला फक्त पाठ आहे.

2003 सालची गोष्ट सांगतो. माझी मावशी एका दुमजली इमारतीवर कामाला होती. बल्ल्यांची परांची, तिला काथ्याची दोरी, वर दोन फळ्या. कठडा नाही, जाळी नाही. डोक्यावर मालाचं घमेलं घेऊन ती वर चढली. फळी सरकली. मावशी खाली गिट्टीच्या ढिगावर पडली. कंबर मोडली. ठेकेदारानं रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं, दोनशे रुपये उशाशी ठेवले आणि गेला. आम्ही विचारायला गेलो तर म्हणतो, "कोणती बाई? माह्या हजेरीत असं नावच नाई."

नाव नव्हतंच. हजेरीत होतं "रेजा – 6". सहा बाया, नाव एकीचंही नाही.

मजुराला नुकसानभरपाई देण्याचा कायदा 1923 पासून होता. पण भरपाई मागायची तर आधी मजूर असल्याचा पुरावा पायजे. पुरावा तर "रेजा – 6". बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा संसदेनं 1996 मध्ये केला. महाराष्ट्रात त्याचे नियम आले 2007 मध्ये. त्रिपक्षीय कल्याणकारी मंडळ उभं राहिलं 2011 मध्ये. दिल्लीहून उमरेडला यायला कायद्याला पंधरा वर्षं लागली. मावशी खाटेवर चार वर्षं जगली. कायदा यायच्या आधी गेली.

आता कोणी म्हणेल, हे रडगाणं झालं. रडगाणं नाही. हिशेब आहे. आणि या हिशेबाचं पहिलं पान बाबासाहेबांनी लिहिलं, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणींत गेले. नुसते वरून पाहून आले नाहीत, खाणीत खाली उतरले. मजुरांच्या खोल्या पाहिल्या. आणि जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कल्पना साधी. कोळसा बाहेर निघतो, त्यावर उपकर बसवा आणि तो पैसा खोदणाऱ्याच्या घरासाठी, पाण्यासाठी, दवापाण्यासाठी वापरा. 1996 चा बांधकाम उपकर याच वाटेनं आला. इमारतीच्या खर्चावर एक टक्का मालकानं भरायचा, तो बांधणाऱ्याच्या कल्याणासाठी. हे दोन्ही 1996 चे कायदे आता नव्या कामगार संहितांत गेले. 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाल्या, उपकराची तरतूद त्यांत कायम आहे. म्हणजे हा पैसा भीक नाही. आपल्याच घामावर बसलेला कर आहे.

पण आपल्या वस्तीत या मंडळाला लोक काय म्हणतात? "पेटीवाले." मंडळाची पेटी मिळते. तीत हेल्मेट, बूट, पट्टा वगैरे असतं. भांड्यांचा संचही मिळतो. भांड्यांसाठी रांग लागते, दलाल पैसे खातो, ज्यानं जन्मात वीट उचलली नाही त्याचंही नाव चढतं. आणि हेल्मेट? पेटीत. पेटी खाटेखाली. मी एका पोराला विचारलं, "काहून बे, घालत नाई?" तर म्हणतो, "मिस्त्री, लोक हासतात ना." डोकं फुटलं तर कोणी हासणार नाही, एवढं मी त्याला सांगितलं. पण हेल्मेट घालून सडक्या फळीवर चढवणं हीही फसवणूकच. आधी परांची नीट बांधा. कठडा लावा. मग हेल्मेटचं बोला. जीव वाचवायची जबाबदारी मजुराच्या डोक्यावर टाकून ठेकेदार मोकळा होतो, हे आपण चालवून घेऊ नये.

आता कामाच्या दर्जाचं. हा शब्द इंजिनिअरचा वाटतो, पण तो आपला प्रश्न आहे. कारण चांगला माल बंगल्याला जातो आणि उरलासुरला घरकुलाला. रमाई योजनेचं असो की पंतप्रधान योजनेचं, घरकुल म्हणजे 269 चौरस फूट. एवढ्याशा घरात बुढी माणसाची सारी जिंदगी असते. एका घरकुलावर आम्ही स्लॅब टाकत होतो. ठेकेदाराचा माणूस मालात पाइप सोडून बसला होता. पातळ माल भरभर पसरतो, मजुरी वाचते. घरची आजी काठी टेकत आली. म्हणाली, "मिस्त्री, हे कढी होऊन रायली का गा? माह्या जलमभराचं घर हाये बाप्पा." तिला शाळा माहीत नाही, पण कढी आणि पिठलं यातला फरक माहीत आहे.

एम-20 चा माल म्हणजे एक भाग सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी. पन्नास किलोच्या पोत्याला पाणी जास्तीत जास्त 30 लिटर. त्यात रेतीतलं पाणीही मोजायचं. यापेक्षा जास्त टाकलेलं पाणी उडून जातं आणि जागी भोकं सोडतं. त्या भोकांतून पावसाचं पाणी सळाखीपर्यंत जातं. सळाख गंजते, फुगते, खालचा पोपडा पडतो. तो पडतो कुणाच्या अंगावर? खाली झोपलेल्या लेकरावर. मी पाइप बंद केला. त्या दिवशी स्लॅब दोन तास उशिरा झाला. पुढच्या घरकुलावर मला बोलावलं नाही. चालायचंच.

पण परक्याशी भांडणं सोपं. आपल्याच पोरांशी भांडणं कठीण. वस्तीत विहार बांधायचं ठरलं. पोरांनी घरोघर वर्गणी मागितली, बायांनी मजुरीतून दहा-वीस रुपये दिले. सभागृहाचा गाळा 18 फुटांचा. पैसे जमता जमता स्लॅबला 4 एप्रिल उजाडला. पोरं म्हणाली, "दादा, चौदा एप्रिलले उद्घाटन पायजे. पाहुण्याची तारीख घेतली. तेरा तारखेले ठोकळे काढा."

मी म्हटलं, नाही.

साडेचार मीटरच्या वरचा गाळा असेल तर स्लॅबखालचे टेके 14 दिवस काढायचे नसतात. मानक संस्थेच्या आयएस 456 मध्ये तसं लिहिलं आहे. 18 फूट म्हणजे जवळपास साडेपाच मीटर. शिवाय आपलं ऊन. कोरड्या, तापत्या हवेत निदान 10 दिवस पाणी मारावं लागतं. राख मिसळलेलं सिमेंट असेल तर 14 पर्यंत न्यावं. पोरं चिडली. एक जण तर म्हणाला, "मिस्त्री विकला गेला." मी म्हटलं, "बाबासाहेबाचं नाव घेऊन तुम्ही दोनशे माणसं कच्च्या स्लॅबखाली बसवणार. वरून पडला तर काय सांगाल? पाहुण्याची तारीख होती म्हणून?"

रात्री बैठक झाली. बाया आधी बोलल्या. शेजारची काकू म्हणाली, "पोट्टेहो, पाहुणा जाईन निंगून, आमी इथंच बसणार हावो." विषय संपला. जयंती बाहेर मांडवात झाली. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी भरलं, आणि ज्यांनी मला विकला गेला म्हटलं त्याच पोरांनी पाळी लावून पाणी मारलं. सकाळ-संध्याकाळ, 18 तारखेपर्यंत. त्यानंतरचे पावसाळे त्या स्लॅबवरून गेले. अजून एक थेंब गळला नाही.

आणि एक गोष्ट, माती आणि राखेची. उमरेड, मकरधोकडा, गोकुल इथल्या खाणींनी जमीन खाल्ली. कोळसा वीजकेंद्रात जळतो आणि राख मागं राहते. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बांध फुटला आणि राखेचं पाणी लोकांच्या शेतात शिरलं. इकडे लाल विटेसाठी शेताची वरची सुपीक माती खरवडतात, ती भाजायला पुन्हा कोळसा जाळतात. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही, फक्त पाणी मारायची शिस्त लागते. मग घरकुलासाठी राखेची वीट का मागू नये? कन्हानची, वैनगंगेची रेती रातोरात उपसली की नदी खाली जाते, काठच्या विहिरी आटतात. पहिली कोणती विहीर आटते हे तुम्हाला सांगायला नको. पर्यावरण हा बंगल्यातला शब्द नाही. ज्याच्या दारात राख उडते त्याचा तो शब्द आहे.

1 जुलै 2024 ला आपण हजारोंनी दीक्षाभूमीवर उतरलो. भूमिगत पार्किंगच्या खोदकामानं स्तूपाला धोका होईल म्हणून. त्याच दिवशी सरकारला स्थगिती द्यावी लागली. ज्या समाजानं पाया आणि खड्डा यांचा संबंध ओळखून सरकार थांबवलं, त्या समाजाला बांधकाम कळत नाही असं कोण म्हणेल? पण 11 एप्रिल 2025 ला, महात्मा फुल्यांच्या जयंतीदिवशी, उमरेडच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियम भुकटीच्या कारखान्यात स्फोट झाला. कामगार भाजून मेले. त्यांच्यासाठी आपण किती उतरलो? स्तूपाच्या पायासाठी जी काळजी, तीच परांचीवरच्या बाईसाठी पाहिजे. धम्म दगडात नसतो, माणसात असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, भाषण कमी करा आणि ठिय्यावर या. सकाळी सातला. एक वही आणा. कोण कोणत्या ठेकेदाराकडे, किती दिवस गेला, नावानिशी, तारखेनिशी लिहा. मंडळात नोंदणी करायला वर्षातल्या 90 दिवस कामाचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदार देत नाही म्हणून ग्रामसेवकाकडे, नगरपालिकेत मजुराला घेऊन जा. दलालाला वस्तीत शिरू देऊ नका. घरकुलाच्या स्लॅबच्या दिवशी दोन पोरं उभी राहा, एकानं पोती मोजावी, एकानं पाण्याच्या बादल्या. सळाख फळीला टेकली असेल तर ओरडा. कठडा नसेल तर बायांना वर चढू देऊ नका.

आणि वहीत "रेजा – 6" लिहू नका. सहा नावं लिहा. आडनावासकट.

जयभीम.