सावली कोणत्या खात्यात येते?

मी ठाणे जिल्ह्यातली असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ठाण्यात कुठे? नौपाडा की घोडबंदर?" शहापूर म्हटलं की चेहरा जरा कोरा होतो आणि मग, "अच्छा, नाशिकला जाताना लागतं ते!" मुरबाड म्हटलं तर "माळशेजला जाताना लागतं ते!" म्हणजे आमचे दोन्ही तालुके लोकांच्या नकाशात 'जाताना लागणारे'. गंमत म्हणून सोडून द्यावं, पण हल्ली वाटायला लागलंय की आमच्याकडची कामं ठरवणारेही आमच्याकडे तसंच बघतात. जाता जाता, गाडीच्या काचेतून.

माझं माहेर शहापूर आणि आजोळ मुरबाड तालुक्यात. त्यामुळे शहापूर-मुरबाड हा रस्ता मला तोंडपाठ. आमच्या मामे-मावस भावंडांनाही तो तसाच आठवत असणार. लाल डब्याच्या खिडकीतून हात बाहेर काढला की चिंचेची फांदी लागायची आणि आई ओरडायची! वड, चिंच, आंबा, जांभूळ, करंज... बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे आणि आकडे. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झालाय, नंबर ५४८ अ, शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली असा जाणारा. नंबर मिळाला, रुंदी ठरली आणि झाडं गेली.

आधीच सांगते, मी रस्त्याच्या विरोधात नाही. रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन कल्याण गाठायचं म्हणजे काय असतं ते आमच्या घरानेही पाहिलंय. रस्ता हवाच, रुंदही हवा. माझं दुखणं वेगळंच आहे. आमच्या बाजूच्या पट्ट्यात झाडं पहिल्यांदा गेली आणि रस्ता मात्र वर्षानुवर्षं रखडत आला. मधल्या काळात ना सावली, ना डांबर, नुसती धूळ. मामाला विचारलं, असं उलटं का? तो म्हणाला, "अगं, झाडं तोडून लगेच दाखवता येतात. रस्ता करायला वेळ लागतो!" मामा काही इंजिनिअर नाही, पण यापेक्षा नेमकं कोणी सांगितलं नाही मला.

आजोळच्या फाट्यावर एक वड होता. कातकरी-ठाकर बाया करवंदं, जांभळं घेऊन त्याच्याखाली बसायच्या. एसटीचा थांबा म्हणजे तो वडच, शेड नव्हतीच कधी. तो गेल्यावर मी एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं, की या झाडाचं काय केलंत? वड जरा कडेला होता, रस्ता दोन-तीन मीटर सरकवता आला नसता का? तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, वड यादीत येत नाही."

मला वाटलं, बोळवण करतायत. पण घरी येऊन कायदा काढून वाचला तर खरंच! शहरांबाहेरच्या झाडांसाठी आपल्याकडे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत १६ प्रकारची झाडं आहेत : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि तिवर. लाकूड चांगलं, फळ चांगलं, असा सगळा हिशोब. वड, पिंपळ, उंबर यात नाहीत. ज्यांच्याखाली माणूस बसतो ती झाडं यादीत नाहीत! बहुतेक तेव्हा कोणाला वाटलंच नसेल, की वडावर कुऱ्हाड चालवणारं कोणी निघेल.

शहरांसाठी वेगळा कायदा आहे, १९७५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणायचं ठरलं. असं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, हेही ठरलं. म्हणजे एखाद्या मोठ्या शहरातला शंभर वर्षांचा वड 'वारसा', आणि आमच्या फाट्यावरचा तसाच वड 'यादीत येत नाही'. जात तीच, मुळं तशीच, फक्त हद्द वेगळी.

किमतीचं बोलायचं तर तेही झालंय. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या पुलांसाठी ३५६ झाडं तोडायचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यात नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हिशोब मांडला की झाडाची किंमत म्हणजे वर्षाला ७४,५०० रुपये गुणिले त्याचं वय. शंभरी ओलांडलेल्या झाडाची किंमत एक कोटीच्या वरही जाऊ शकते. आमच्या वडाचं वय कोणी मोजलं नाही. त्याचे ओंडके मात्र ट्रकमध्ये भरताना मामाने पाहिले. सरपणाच्या भावाने गेले असणार, दुसरं काय.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "पण आपण नवीन लावतोय ना!" लावतो, हे खरंय. राज्यात २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटी रोपांचा संकल्प झाला. मग २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. आकडे ऐकून छाती दडपते. पुढे त्यातली किती जगली यावर इतका वाद झाला, की २०२१ साली चौकशीला विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली.

आमच्याकडे रोप जगणं का अवघड ते सांगते. पाऊस भरपूर, दोन-अडीच हजार मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत येतो आणि उतारावरून निघून जातो. जुलैत लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत टवटवीत दिसतं, फोटो छान येतो. खरी परीक्षा मार्च ते मे. आणि तेव्हा आमच्या तालुक्याची गत काय असते? तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा... मुंबईची तहान भागवणारी ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर, आणि आमच्याच पाड्यांवर टँकर. 'धरण उशाला, कोरड घशाला'. जिथे बाईला हंडाभर पाणी मिळायची मारामार, तिथे रस्त्याकडेच्या रोपाला पाणी कोण घालणार? योजना आखणाऱ्याने आमचा एक मे महिना तरी पाहायला हवा होता.

पाण्यावरून काळू धरण आठवलं. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर, मुंबईलगतच्या शहरांना पाणी देण्यासाठी हे धरण योजलं. सुमारे हजार हेक्टर जंगल बुडणार होतं, आणि तरी वनखात्याची परवानगी हातात नसताना २०११ साली काम सुरू झालं! श्रमिक मुक्ती संघटना आणि गावकरी न्यायालयात गेले आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्यानंतरही काळूचं नाव अधूनमधून निघतंच. शहरांना पाणी लागणार, मान्य आहे. पण क्रम तोच, फाट्यावरच्या वडाचा. आधी यंत्रं आणायची, परवानगीचं मग बघू.

आणि क्रम पाळताच येत नाही असंही नाही. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेला. ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्याचीही किंमत आम्ही पाहिलीय. १ ऑगस्ट २०२३ च्या रात्री सरळांबे इथे गर्डर यंत्र कोसळून २० जण गेले. पण एवढं अवजड काम आखता येतं, तर फाट्यावरचा वड कुठे आहे हे नकाशावर दाखवणं अवघड नसावं.

काय करता येईल? मला सुचलं ते साधंच आहे. एस्टिमेट करतानाच झाडांची मोजणी व्हावी, घेर आणि जागेसकट. त्या तुकड्याचं काम खरंच सुरू होईपर्यंत करवत लागू नये. नव्या रोपांचे पैसे लावल्यावर नाही, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली रोपं मोजून द्यावेत. वड-पिंपळ-उंबर त्या जुन्या यादीत घालावेत. यात परदेशातून तज्ज्ञ आणावे असं काहीच नाही.

असो. फार लिहिलं. पण भावंडांनो, एक काम आहे. दिवाळीत सगळे जमतो आहोतच, तर एक दिवस काढू. शहापूरहून निघून मुरबाडपर्यंत, पुढे जमलं तर म्हशापर्यंत, जी जुनी झाडं उरली आहेत ती मोजू. छातीच्या उंचीवर घेर, फोटो आणि मोबाईलवर जागेची नोंद. मामा यायला तयार आहे. मामीने भाकऱ्या बांधून द्यायचं कबूल केलंय. शिवणाची टेप दीड मीटरचीच असते, वडाला पुरणार नाही. कोणाकडे मोठी असेल तर घेऊन या.