पावणेपाच सेकंदांचं ब्रेमेन

पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे. पुण्याची ज्या जर्मन शहराशी दोस्ती आहे, त्याचंच हे नाव. त्या खऱ्याखुऱ्या ब्रेमेनला कधी जाणं झालं, तर रोलांडचा पुतळा आणि एकमेकांच्या पाठीवर चढलेले गाढव-कुत्रा-मांजर-कोंबडा यांच्यासोबत फोटो काढून घ्या आणि मग स्टेशनवरून ६ नंबरची ट्राम पकडून थेट युनिव्हर्सिटी गाठा. टोक केलेल्या पेन्सिलीसारखा एक पांढरा मनोरा लांबूनच दिसेल. उंची १४६ मीटर, वय १९९० पासूनचं. काम एकच, वस्तू खाली पाडणं!

हसू नका. या मनोऱ्याच्या पोटात ११० मीटर पडता येईल अशी पोलादी नळी आहे. बाहेरच्या वाऱ्याने ती हलू नये म्हणून भिंतींना न टेकता वेगळी उभी केलेली. आधी पंप लावून तिच्यातली हवा काढायची. यातच दीड-दोन तास जातात. मग वरून प्रयोगाची कुपी सोडायची. ४.७४ सेकंदांत, ताशी १६७ किलोमीटरच्या वेगाने, ती थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेल्या टाकीत धप्प! तेवढा वेळ आतलं सगळं वजनरहित. थांबतानाचा दणका इतका जबरी असतो, की माणसाला मात्र यात नो एन्ट्री.

पण पृथ्वीवर वजन गायब कसं होतं? फंडा सोपा आहे. लिफ्ट खाली निघताना पोटात गोळा येतो ना? आपल्याला जाणवतं ते वजन म्हणजे जमिनीने खालून दिलेला रेटा. जमीनच नसेल तर रेटा नाही, आणि वजनही नाही. अंतराळ स्थानकावर ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ९० टक्के असतंच. तिथले अंतराळवीर तरंगतात, कारण ते स्थानकासकट सतत पडत असतात. फक्त आडवा वेग इतका, की जमीन दरवेळी हुकते.

आता दुप्पट वेळ हवा असेल, तर मनोरा चौपट उंच लागेल. म्हणजे आयफेल टॉवरपेक्षाही उंच! ब्रेमेनकरांनी २००४ मध्ये भारी शक्कल लढवली. कुपी खालूनच गलोलीसारखी वर उडवायची. हातातून सुटल्या क्षणापासून, वर जातानाही, ती ‘पडतच’ असते. जाऊन-येऊन मिळाले ९.३ सेकंद.

इतक्यात होतं काय? ज्योत निमुळती न राहता गोल होते, कारण गरम हवा वर जायचं विसरते. २०२१ मध्ये तर इथेच अणूंचा ढग निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या ३८ लक्ष-कोट्यंशापर्यंत थंड केला गेला. कामाच्या दिवशी फार तर तीनेक वेळा कुपी पडते. अख्ख्या दिवसाची धावपळ, आणि कमाई अर्धा मिनिटसुद्धा नाही. इथल्या लोकांना ती पुरते.

जाताय? मनोरा बाहेरून कधीही बघा. आतून बघायचा असेल, तर आधी विचारणा करून ठेवा. आणि हो, वरच्या काचेच्या टोकाचा फोटो विसरू नका.